होल्डरवाला निवृत्ती

लातूरला आया राहायला येतात. पोरापोरींचे डॉक्टरकीचे क्लास असतात ना, त्यासाठी. दोन खोल्या भाड्यानं घ्यायच्या, नवरा, सासू-सासरे सगळं गावाकडं वाऱ्यावर सोडायचं, आणि इथं पोराच्या मागं डबा, दूध, चहा करत वर्ष काढायचं. ट्यूशन एरियातल्या एका तीन मजली इमारतीत अशा सहा-सात आया होत्या, कुणी नांदेडची, कुणी उदगीरची, कुणी देगलूरची. एका एप्रिलमध्ये त्यांच्यात एक बाप येऊन पडला. पत्र्याची पेटी, एक वळकटी आणि भाकरीचा तवा, एवढं सामान. हा आपला निवृत्ती.

बायकांना आधी अवघडल्यासारखं झालं, मग सवय झाली, मग त्यांनी चेष्टा सुरू केली. करणारच की. पंचेचाळिशीचा बाप्या, हातावर ठिणग्यांचे काळे डाग, बोटं गाजरासारखी जाड, आणि सकाळी सकाळी नळावर तांदूळ धूत बसलेला. भाकरी त्याला बायकोपेक्षा बरी जमायची, पण भाजीत तिखट असं पडायचं की सगळ्या मजल्याला कळावं. समोरच्या खोलीत सौदामिनीबाई राहायच्या. त्यांचे यजमान नांदेडला कॉलेजात शिकवायचे आणि मुलगा मुकुल इथं क्लासला होता. त्या दारातूनच म्हणायच्या, "काका, आज फोडणी जरा बेतानं. मुकुल शिंकून शिंकून बेजार झालाय." निवृत्ती मान खाली घालून म्हणायचा, "हाव ताई, उद्यापासून कमी टाकतो." आणि दुसऱ्या दिवशी तेवढंच टाकायचा.

त्याची लेक दिपाली. हे तिचं दुसरं वर्ष. पहिल्या वर्षी परीक्षेत सपशेल आपटली होती, आणि का आपटली ते कुणाला कळलं नव्हतं, कारण पोरगी हुशार. वर्षभर ती होस्टेलवर राहिली आणि परीक्षा महिन्यावर आली तशी एक दिवस फोनवर म्हणाली, "पप्पा, मी खोली घेतेय. तुम्ही या." निवृत्ती म्हणाला, तुझ्या आईला धाडतो. तर म्हणे, "आई न्हाई. तुम्हीच या."

पारूबाईला म्हणजे आईला हे लागलं. ती विष्णुपुरीच्या सरकारी दवाखान्यात वॉर्डात मावशी होती, तिला रजा मिळणारच नव्हती, पण बोलावलं असतं तर नाही म्हणायचं सुख तरी मिळालं असतं. दोन दिवस ती नवऱ्याशी बोलली नाही. मग तवा बांधून दिला.

निवृत्ती आला खरा, पण एक खोड घेऊन आला. रात्र झाली की वळकटी उचलायचा आणि गच्चीवर जायचा. दिवसा खोलीत बसायची वेळ आलीच तर उंबऱ्यात बसायचा, एक पाय आत आणि एक बाहेर. कुणी विचारलं तर सांगायचा, लई उकडतं हो. आता लातूरच्या एप्रिलमध्ये उकाडा कुणाला नसतो? आणि गच्ची तरी त्याच इमारतीची की. इमारत बसली तर गच्ची काय हवेत तरंगत राहणार आहे? पण हे त्याला सांगून उपयोग नव्हता. डोक्यावर स्लॅब नाही ना, मग संपलं.

त्याचं कारण जुनं आहे. तेरणेच्या काठाला त्याचं गाव. वस्तीत सगळी घरं कुडाची, वर पाचट नाहीतर पत्रा. बाप लोकांच्या घरांना दगड वाहून म्हातारा झालेला, आणि त्याच्या जिवाला एकच लागून राहिलेलं, की आपलंबी दगडाचं घर पाहिजे. त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात त्यानं ते बांधलं. हातभर रुंद भिंती, वर लाकूड-मातीचं माळवद. बाबासाहेबांच्या फोटोसाठी पहिला खिळा ठोकला तेव्हा सगळी वस्ती बघायला आली होती, आणि बाप दारात उभा राहून येईल त्याला गूळ देत होता. गणपती गेले त्या रात्री, पहाटेकडं, जमीन हलली. कुडाच्या घरांतली माणसं धूळ झटकत बाहेर आली. दगडाच्या घरात निवृत्तीचा बाप, आई आणि धाकटी बहीण राहिली. एकोणीस वर्षांचा निवृत्ती तेवढा वाचला, कारण आत उकडत होतं म्हणून तो अंगणात बाज टाकून झोपला होता.

बापाला त्यानं कधी दोष दिला नाही. पण दगड, स्लॅब, डोक्यावर येणारं जे जे म्हणून काही असेल त्याच्याकडं त्यानं तोंड फिरवलं ते फिरवलंच. मदतीच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो दोन वर्षं राहिला आणि तिथंच, शेडचे अँगल जोडता जोडता, वेल्डिंग शिकला. नव्या गावठाणात सरकारनं सिमेंटचं घर दिलं, पक्कं, भूकंपाचं बांधकाम. त्यात तो एकही रात्र झोपला नाही. नांदेडला निघून गेला.

नांदेडला विष्णुपुरीच्या बाजूला त्यानं स्वतःच्या हातानं पत्र्याचं घर उभं केलं. मे महिन्यात त्यात पापड भाजून निघावेत असं तापायचं. पारूबाईनं किती वेळा म्हटलं, की लोकांचे स्लॅब पडले आणि आपलं अजून शेडच आहे. तो ऐकून घ्यायचा आणि कामावर जायचा. काम त्याला मिळालं तेही उघड्यावरचंच. गुरुद्वाऱ्याच्या गुरु-ता-गद्दी सोहळ्याच्या वर्षी नांदेडचे रस्ते नवे व्हायला लागले, तेव्हा एका ठेकेदाराकडं जुना डांबरी रस्ता खरवडायचं मशीन आलं, आणि त्याच्यावर वेल्डर म्हणून निवृत्ती लागला.

ते मशीन ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पोटाखाली एक लोखंडी ड्रम फिरत असतो. त्या ड्रमवर शंभरावर दात, टोकदार, एकामागं एक नागमोडी रांगेत. ड्रम खाली टेकला की दात डांबर खरवडतात आणि पट्ट्यावरून तो चुरा पुढच्या ट्रकमध्ये पडतो. सगळ्यांचं लक्ष दातांकडं असतं. पण दात ज्याच्यात बसतो तो होल्डर, मुठीएवढा पोलादी तुकडा, खरं काम तो करतो. दगड लागला की मार दाताला बसतो आणि सोसायचं होल्डरनं. दात त्याच्यात फिरता राहिला तर बरा झिजतो. डांबराचा भुगा भरून अडकला की एकाच बाजूनं झिजतो, मग होल्डर झिजतो, आणि तोही गेला की मार थेट ड्रमला. म्हणून होल्डर वेळेत बदलायचा असतो.

पहिल्या मशीनला होल्डर ड्रमवरच वेल्ड केलेले होते. एक गेला की गॅसनं कापा, घासा, नवा जोडा, पाठीवर झोपून, तोंडावर ठिणग्या घेत. तेव्हा निवृत्तीला मान होता. मग दुसरं मशीन आलं, त्याचे होल्डर सुटे. ड्रमवर होल्डरचं घर कायमचं, होल्डर तेवढा बोल्ट ढिला करून ठोकून काढायचा आणि नवा बसवायचा. वेल्डरची गरजच उरली नाही. मालकानं त्याला काढलं नाही एवढंच, आणि तो दात आणि होल्डर बदलणारा माणूस झाला. मशीन चालवणारा भीमाशंकर त्याला "डॉक्टर" म्हणायचा. दाताचा डॉक्टर. दिपाली क्लासला लागल्यावर तर या चेष्टेला जोरच चढला.

त्या कामाचा एक नियम होता आणि तो कुणी मोडत नसे. ड्रममध्ये ज्याचा हात, मशीनची किल्ली त्याच्या खिशात. मालक येऊ दे, साहेब येऊ दे, तो माणूस बाहेर येऊन स्वतःच्या हातानं किल्ली देईपर्यंत मशीन चालू व्हायचं नाही.

अकरा वर्षं त्यानं हे केलं. रस्त्याच्या कडेला ताडपत्री, डोक्यावर आभाळ, पाठीत कळ, आणि ऊन खाली आलं की बोटांना मुंग्या. थकला होता हो माणूस. कामानं थकला होताच, पण त्याहून जास्त सावध राहून थकला होता. इतकी वर्षं कान उघडे ठेवून झोपायचं म्हणजे काय खायचं काम आहे का?

आणि घरी एकुलती पोरगी. तिला त्यानं दुसरं काही दिलं नाही, पण पळायला शिकवलं. ती चालायला लागली तेव्हापासून. वेळ-अवेळ बघायचा नाही, ताट बडवायचा आणि म्हणायचा, "उठ." पोरीनं हातातलं असेल ते टाकून अंगणात, भिंतीपासून लांब, विजेच्या खांबापासून लांब जाऊन उभं राहायचं. चप्पल घालायची नाही, मागं बघायचं नाही, का म्हणून विचारायचं नाही. लवकर पोचली की पेपरमिंटची गोळी. शेजारच्यांना तो खेळ वाटायचा. पारूबाई म्हणायची, "तुमच्या डोक्यावर परिणाम झालाय." पण पोरगी तरबेज झाली.

आता लातूरची गोष्ट. रविवार होता, परीक्षा पंधरा दिवसांवर आलेली. खरा पेपर दुपारी दोनला असतो म्हणून दिपाली जुना पेपर घेऊन बरोबर दोनला टेबलाशी बसली. निवृत्ती उंबऱ्यात, नेहमीसारखा. पाऊण तास शांततेत गेला. मग मांडणीवरची ताटली वाजायला लागली. हंड्यातलं पाणी थरथरलं, तव्यानं सूर धरला, आणि ते फरशीतून वर आलं, तळपायातून गुडघ्यापर्यंत.

"उठ," निवृत्ती म्हणाला. धड ओरडलासुद्धा नाही. शब्द पुरा व्हायच्या आत पोरगी त्याच्या अंगावरून उडी मारून जिन्यात होती.

मग मात्र तो ओरडला. प्रत्येक मजल्यावर दारं बडवत, "भायेर पळा, हलून राहिलंय, भायेर पळा," करत खाली आला. आया निघाल्या, पोरं निघाली, मुकुल एकाच पायात सपात घालून निघाला. सगळ्यात आधी बाहेर पडली ती तळमजल्यावरची घरमालकीण नागुबाई. तीही भूकंपाच्या पट्ट्यातली, औशाकडची, सत्तरी ओलांडलेली, पण त्या दिवशी हरणासारखी पळाली.

रस्त्यावर आले तर समोर मशीन. पिवळं, धुळीनं माखलेलं, डांबर खरवडत चाललेलं. आणि वर तोंडाला फडकं बांधून भीमाशंकर. त्यानं हात केला आणि इंजिनाच्या आवाजावरून ओरडला, "काय डॉक्टर, स्वागताला सगळी गल्ली आणलीस व्हय?"

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग कळलं आणि हशा पिकला. सौदामिनीबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "काका, हे तुमचंच मशीन ना? मुलाचा पेपर चालला होता आमच्या. काय म्हणावं तुम्हाला?"

आता तुम्हीही म्हणाल, मशीनच्या माणसाला मशीन कसं ओळखू आलं नाही? अहो, अकरा वर्षं त्यानं ते ऐकलं ते बाहेर उभं राहून. मशीन चालू असताना घराच्या आत काय होतं, ते त्याला ठाऊक असायचं कारणच नव्हतं. कितीतरी गावांतून ते गेले, आणि रस्त्यालगतच्या घरांतली म्हातारी माणसं पोरं काखेला मारून बाहेर यायची. ह्यांना वाटायचं, मशीन बघायला आलेत. भीमाशंकर त्यांना हातही करायचा.

निवृत्तीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं दिपालीला शोधलं. ती घोळक्यात नव्हती. ती पलीकडं, भिंतीपासून लांब, खांबापासून लांब, रस्त्याच्या मोकळ्या जागेत उभी होती. अनवाणी. एप्रिलचं डांबर, आणि पोरगी पाय न हलवता उभी. हातात पेन तसंच.

भीमाशंकरनं मशीन थांबवलं आणि खाली उतरला. "बरं झालं गावलास. तू गेलास आन् ड्रम लई आदळून राहिलाय. नवा माणूस दात बदलतो, होल्डर बघतच न्हाई. आता तो जेवायला गेलाय तो गेलाय. तीन होल्डर गेलेत एका जागचे. बसवून दे की, तासाभराचं काम हाय." म्हणजे घर एवढं हललं होतं त्याला हेही कारण होतं. निवृत्तीनं हात पुढं केला. भीमाशंकरनं किल्ली दिली, ती खिशात गेली, आणि मागचं झाकण उघडून निवृत्ती ड्रमपाशी बसला.

खरं सांगायचं तर त्याला सुटल्यासारखं झालं. वर आभाळ, हातात हातोडा, समोर ओळखीचं लोखंड. त्यानं झिजलेला होल्डर बघितला, एका बाजूनं पार खाल्लेला. बोल्ट ढिला केला, ठोकायला लागला. गर्दी पांगली. दिपाली येऊन मशीनच्या सावलीत, त्याच्या शेजारी उकिडवी बसली.

"जा वर. पेपर पुरा कर," तो म्हणाला.

ती उठली नाही. म्हणाली, "पप्पा, मी क्लासच्या टेस्टमधून दोनदा उठून गेले."

"बरं वाटत नव्हतं?"

"खालून टँकर गेला. बेंच हललं. मला कळलंच न्हाई, मी एकदम जिन्यात होते. सरांना वाटलं, बाथरूमला गेले."

हातोडा थांबला. ती जमिनीकडं बघत बोलत होती. "मागच्या वर्षी खऱ्या परीक्षेत पण तसंच झालं. खालून वरात चालली होती. तिसऱ्या मजल्यावर नंबर होता माझा. परत आत घेतलं त्यांनी, पण अक्षरंच दिसेनात. नुसती बसून राहिले." मग म्हणाली, "मला पेपर येतो पप्पा. बसता येत न्हाई."

निवृत्तीनं पहिला होल्डर ओढून काढला. त्याच्या घरात भरलेला डांबराचा भुगा तारेच्या ब्रशनं साफ करायला लागला. गरजेपेक्षा जास्त वेळ साफ करत राहिला.

"मग आईला का न्हाई बोलावलं? आई असती तर धीर आला असता."

"आई कुठंबी झोपते. आई झोपली म्हणून मला काय कळणार? तुम्ही झोपला असतात स्लॅबखाली, तर मला पटलं असतं की काही होत न्हाई. तुम्ही पहिल्याच रात्री वळकटी उचललीत."

त्याला लाज वाटली. साधी, सरळ लाज. भूकंपानं त्याच्याकडून माणसं नेली ती नेली, पण भीती पोरीच्या ताटात त्यानं स्वतःच्या हातानं वाढली होती, वर पेपरमिंटची गोळी देऊन. त्यानं दुसरा होल्डर काढला, तिसरा काढला, तिन्ही नवे बसवले, बोल्ट आवळले. एकेका बोल्टवर पुन्हा पुन्हा पाना फिरवला. काम संपूच नये असं त्याला वाटत होतं. पण काम संपलं.

तो उठला तेव्हा भीमाशंकर चहाचा कप घेऊन उभा होता. त्यानं पोरीचा चेहरा पाहिला असावा. म्हणाला, "लेकीचा पेपर हाय तर आजच्या दिवस इथंच थांबू. किल्ली असू दे तुझ्याजवळ. मालकाला सांगतो, होल्डरचं काम लांबलं."

सौदामिनीबाई दारात होत्या. त्या म्हणाल्या, "हो, थांबवाच. एवढा तरी विचार करा मुलांचा."

निवृत्ती तसाच उभा राहिला. किल्ली खिशात होती. खिशात होती तोवर ही गल्ली गप्प, वरची मांडणी गप्प. आणखी दोन तास सुखाचे जाणार होते, आणि पंधरा दिवसांनी कुठल्यातरी शाळेच्या तिसऱ्या मजल्यावर पोरीला एकटीला बसायचं होतं. खालून टँकर जाणारच होता. नाहीतर वरात. त्यांच्या किल्ल्या कुणाच्या खिशात असणार?

त्यानं किल्ली काढून भीमाशंकरच्या हातावर ठेवली. "थांबवू नको. चालू कर. आमच्या दारापासनंच धर."

"येडा हायस का?"

"चालू कर म्हणतो ना."

मग तो सौदामिनीबाईंकडं वळला. "ताई, मुकुलला मागच्या खोलीत बसवा. तिकडं कमी जाणवंल. माझं चुकलं मगाशी, पण हे मला करू द्या." सौदामिनीबाई काहीतरी बोलणारच होत्या, तर नागुबाई मध्ये पडली. "जाऊ दे त्याला वर," म्हणाली. "मीबी पळाले की. मला न्हाई कुणी हसलं."

जिना चढताना निवृत्ती पुढं होता. खोलीत आला, उंबरा ओलांडला आणि खोलीच्या मधोमध, पंख्याच्या बरोबर खाली, भुईवर मांडी घालून बसला. दिपाली दारात उभी.

"दार लाव," तो म्हणाला.

"उघडं राहू द्या पप्पा."

"परीक्षेत उघडं ऱ्हातंय का? लाव. आन् घड्याळ पैल्यापासनं धर."

तिनं दार लावलं. खाली इंजिन चालू झालं. ड्रम खाली टेकला तसं ते पुन्हा फरशीतून आलं. ताटली वाजली, पंखा हुकावर डुलायला लागला. होल्डर नवे होते म्हणून आदळणं कमी झालं होतं, आवाज एकसारखा होता, पण निवृत्तीच्या अंगाला ते काय कळणार? त्याचं अंग एकोणीस वर्षांचं झालं होतं आणि अंगणातून हाका मारत होतं. घाम फुटला. त्यानं टॉवेलचं टोक दातात धरलं आणि दोन्ही मुठी मांडीखाली दाबल्या. हे माझं मशीन हाय, तो स्वतःला सांगत होता. आता भीमाशंकर पुढं सरकतोय. आता ट्रक भरला. आता दुसरा ट्रक लागतोय म्हणून थांबलंय. आता परत. पोटातली भीती ऐकून घेत होती पण हलत नव्हती.

दिपाली लिहीत होती. एकदा मशीन बरोबर दाराखाली आलं आणि टेबलावरची बाटली घरंगळत खाली पडली. पोरगी अर्धी उठली. खुर्ची मागं सरकली, एक पाय दाराकडं गेला. तिनं बापाकडं बघितलं. बाप हलला नाही. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, टॉवेल दातात होता, पण बूड भुईला टेकलेलं होतं. तिनं तसंच उभं राहून थोडा वेळ त्याच्याकडं बघितलं. मग खुर्ची पुढं ओढली आणि बसली.

वेळ भरली तेव्हा बाहेर दिवस मावळायला आला होता आणि मशीन गल्लीच्या टोकाला गेलं होतं. तिनं पेन खाली ठेवलं आणि मागं वळली. निवृत्ती अजून तिथंच होता. त्याची पँट ओली झाली होती, फरशीवर ओल आली होती. त्याला ते आत्ताच कळलं असावं, कारण तो टॉवेलनं फरशी पुसायची खटपट करत होता.

दिपालीनं त्याच्या हातातला टॉवेल घेतला. मोरीतून बादली आणली, फरशी पुसली, पेटीतून त्याची दुसरी पँट काढून खुर्चीवर ठेवली. मग खिडकीकडं तोंड करून उभी राहिली.

"पप्पा, मशीन इथं कुठवर हाय?"

"या एरियात चार-पाच दिवस असंल."

"मग रोज बसू. दोनला," ती वळून म्हणाली.

लई थकलो गं, असं त्याला म्हणायचं होतं. ते त्यानं गिळलं. "हाव," म्हणाला, आणि उठायला तिच्याकडं हात पुढं केला.